एन्सोरचे ‘सापळारूप आत्मचित्र’

बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सोर (१८६०–१९४९) याने १८८९ मध्ये केलेले अम्लरेखन, म्हणजेच एचिंग. पत्रा जेमतेम बारा सेंटिमीटर उंचीचा. आयुष्याचे टप्पे दाखवायची युरोपातील रूढ तऱ्हा जिन्याची होती : एका बाजूने पायऱ्या चढणारे बालक, माथ्यावर पन्नाशीचा गृहस्थ, पलीकडे उतरत जाणारा म्हातारा. एन्सोरने हा जिना काढूनच टाकला. मुद्राचित्रणात पत्र्यावर फेरफार करून घेतलेल्या प्रत्येक टप्प्याच्या छापाला ‘अवस्था’ म्हणतात. बाल्य, तारुण्य, जरा याही अवस्थाच; आणि या चित्राचा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे. छायाचित्रावरून केलेल्या पहिल्या अवस्थेत खिडकीजवळ उभा आहे तो तिशीच्या उंबरठ्यावरचा खुद्द एन्सोर. पुढच्या अवस्थेत तोच कोट, तीच खिडकी, तीच ऐट. चेहऱ्याच्या जागी मात्र कवटी. मधले म्हातारपण गाळलेले आहे.

ही नुसती थट्टा, असे कोणी म्हणेल. ओस्टेंडला त्याच्या घरच्यांचे शिंपले, मुखवटे नि चित्रविचित्र वस्तूंचे दुकान होते, तेव्हा कवट्यांचे त्याला अप्रूप नव्हते, हे खरे. थट्टा तर आहेच. पण आम्लाने तांब्यात उतरलेली रेघ पेन्सिलीच्या रेघेसारखी खोडता येत नाही. ती घालवायची तर तांबेच खरवडून घासावे लागते. असा पत्रा पुन्हा हाती घेऊन फक्त चेहरा बदलणे हे जाता जाता होणारे काम नव्हे. शिवाय आदल्याच वर्षी, १८८८ मध्ये, त्याने ‘१९६० मधील माझे चित्र’ हे अम्लरेखन केले होते : शंभराव्या वर्षीचा एन्सोर, म्हणजे आडवा पडलेला सापळा.

हे चित्र अतिवास्तववादी म्हटले, तर येणारा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आंद्रे ब्रतोंचा अतिवास्तववादी जाहीरनामा १९२४ चा; त्याच्या पस्तीस वर्षे आधीच्या चित्राला ते नाव कसे द्यावे? शिवाय त्या पंथाचा भर स्वप्नावर आणि आपसूक उमटणाऱ्या रेषेवर, तर इथे छायाचित्राचा आधार आणि हिशेबी फेरफार. म्हणून ‘अतिवास्तववादी’ न म्हणता ‘पूर्वसूरी’ म्हणणेच रास्त. मात्र अगदी ओळखीच्या खोलीत अशक्य गोष्ट शांतपणे उभी करण्याची रीत पुढे अतिवास्तववाद्यांनी घेतली, ती इथे आधीच पुरती दिसते.

एन्सोर १९ नोव्हेंबर १९४९ रोजी ओस्टेंड येथे वारला. १९६० ला अजून अकरा वर्षे होती.