डोक्यातलं पाणी आणि झडपेचा इतिहास

नवी मुंबईकराला झडपेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आपलं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलेलं. म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड बांधले आणि त्यांना एकाच दिशेने उघडणारी दारं लावली. ओहोटीला दार उघडतं, पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला ते मिटतं, खाडी आत येत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या डोक्यात गेल्या वर्षी अशीच एक झडप बसवली. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवीवर ताबा नाही, विसरभोळेपणा. घरचे म्हणायचे, वय झालं. तपासणीत मेंदूत पाणी साचलेलं निघालं. शंट बसवला आणि काका पुन्हा चालू लागले. आम्ही पेढे खाल्ले. पाचव्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखू लागलं, दिवसभर झोप येऊ लागली. 'अशक्तपणा असेल' म्हणून चार दिवस गेले. स्कॅन केला तर कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचलेलं.

हे कसं होतं, म्हणून मी इतिहास वाचायला घेतला.

मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि शोषलं जातं. एका वेळी मात्र दीडशे मिलीच्या आसपासच असतं. निचरा अडला की ते तुंबतं. अमेरिकेत नल्सन आणि स्पिट्झ यांनी 1949 मध्ये झडप लावून हे पाणी मानेच्या शिरेत सोडलं. 1956 मध्ये जॉन होल्टर या कारागिराने स्वतःच्या आजारी बाळासाठी सिलिकॉनची टिकाऊ झडप बनवली. डॉक्टर नव्हे, कारखान्यातला माणूस! पुढे नळी पोटात सोडण्याची पद्धत रुळली. आजही बहुतेक शंट तसेच असतात.

पाणी काढणं जमलं. पण किती काढायचं?

माणूस उभा राहिला की डोक्यापासून पोटापर्यंतची नळी पाणी ओढू लागते, पिंपातून नळीने रॉकेल काढावं तशी. पाणी भराभर गेलं की मेंदू आतल्या आत बसतो. मेंदू आणि त्यावरचं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणतात, एखादी फाटते. रक्त थेंबाथेंबाने साचतं, म्हणून त्रास कधीकधी काही आठवड्यांनी दिसतो. वयस्कर माणसाचा मेंदू आधीच थोडा आक्रसलेला, त्यामुळे त्यांना धोका जास्त. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा तोल जाऊन पडणं झालं, तर आणखी.

म्हणजे झडपेचा पुढचा सगळा इतिहास हा 'कमी काढा, हळू काढा' शिकण्याचा आहे. 1973 मध्ये ही ओढ रोखणारं उपकरण आलं. म्हाताऱ्यांमधला हा आजार 1965 मध्ये जगापुढे मांडणारे कोलंबियाचे डॉ. सॉलोमन हकीम यांनी झडपांवरही काम केलं. नंतर बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारी झडप आली.

आपलाही यात वाटा आहे. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. छाब्रा यांच्या नावाचा स्वस्त शंट उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनतो. युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी 195 मुलांमध्ये त्याची तुलना महागड्या परदेशी शंटशी केली. निष्कर्ष 2005 मध्ये छापले: वर्षभरानंतर फरक आढळला नाही. तेव्हा एकाची किंमत सुमारे 35 डॉलर होती, दुसऱ्याची सुमारे साडेसहाशे!

काकांच्या कवटीला छोटं छिद्र पाडून रक्त काढलं, झडपेचा दाब वाढवला. वाचले. पण त्यांचं डिस्चार्ज कार्ड मी पाहिलं. धोक्याच्या खुणा शेवटच्या पानावर, बारीक इंग्रजीत. काकू सातवी शिकलेल्या. बघणार कोण?

सत्तर-ऐंशीच्या दशकात तरुणपणी इथे आलेली पिढी आता पंच्याहत्तरीला टेकली आहे. असे काका प्रत्येक सेक्टरमध्ये सापडतील. म्हणून मागणी एकच: ऑपरेशननंतरच्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात द्या.

आणि घरच्यांनो, शंटनंतर वाढती डोकेदुखी, गुंगी, बरळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट, यातलं काही दिसलं की थांबू नका, थेट इस्पितळ गाठा. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना आधीच सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. झडपेचं कार्ड पाकिटात ठेवा, एमआरआयच्या आधी दाखवा.

झडप बसवली म्हणजे काम संपलं नाही. पाँडच्या दारावरही पावसाळाभर लक्ष ठेवावंच लागतं ना?