मातीचं बळ: गाभा किती टिकावा?

अमरावतीचा माणूस, तोही तत्त्वज्ञानाचा, अकोल्यात येऊन ओतकामावर बोलणार म्हटल्यावर तुम्ही थोडे सावध झाला असाल. पण प्रश्न माझ्याही विषयाचा आहे: एखादी वस्तू ‘बळकट’ आहे असं म्हणतो, तेव्हा आपण नेमकं काय म्हणतो?

सुरुवात इथूनच करू. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. मूर्ती ओतण्याची आपली जुनी रीत मेणाची. मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढायचं आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा. मूर्ती पोकळ हवी असेल तर मेणाच्या आत मातीचा गाभा ठेवावा लागतो. कारखान्यात त्यालाच ‘कोअर’ म्हणतात.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे ११३० च्या सुमारास, या लेपाची कृती दिली आहे. मातीत जाळलेला कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ घालून सगळं वाटायचं. लेप तीन द्यायचे. पहिला पातळ, तो सावलीत वाळवायचा.

कापूस! वऱ्हाडात हे समजावून सांगायला नको. भिंतीच्या गाऱ्यात आपण कुटार का घालतो? वाळताना तडा जाऊ नये म्हणून. साच्यात कापूस दुसरंही काम करतो. भाजताना तो जळतो, मागे बारीक छिद्रं उरतात आणि धातू ओतताना वायूला वाट मिळते.

आता विमानाच्या इंजिनाकडे येऊ. टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असतो. पातं तग धरतं, कारण त्याच्या पोटातल्या नागमोडी वाटांमधून थंड हवा खेळते. त्या वाटा पाडतो सिरॅमिकचा गाभा, बहुधा सिलिकाचा. आपल्या देशात हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेने असे गाभे विकसित केले. पूर्वी त्यासाठी महागडे साचे लागत. आता थ्रीडी प्रिंटिंगने गाभा थरावर थर चढवून करता येतो. सिलिकाची पूड राळेत कालवायची आणि प्रकाशाने एकेक थर घट्ट करायचा.

अडचण इथेच आहे. भट्टीत राळ जळून जाते, मागे पोकळ्या राहतात. दोन थरांमधला सांधा कच्चा राहिला तर गाभा तिथेच मोडतो. गाभा मोडला की पातं वाया. मग उपाय काय? जाड आणि बारीक कण योग्य प्रमाणात मिसळायचे. राळ सावकाश जाळायची. भाजलेला गाभा सिलिकाच्या कलिल द्रवात बुडवून पुन्हा भाजायचा, म्हणजे पोकळ्या काही अंशी भरतात.

मग भरपूर भाजून दगडासारखाच का करू नये? इथे माझा विषय येतो. मडकं भट्टीत भाजतं म्हणजे काय होतं, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. वैशेषिक म्हणाले, घट परमाणूंपर्यंत विघटित होतो आणि पुन्हा जुळतो. नैयायिक म्हणाले, छिद्रांतून उष्णता शिरते आणि अख्खा घट तसाच बदलतो. वाद मुख्यतः रंगाचा होता, बळाचा नव्हे. पण भाजण्याने वस्तूच्या आत काय बदलतं, हा प्रश्न त्यांनी गांभीर्याने घेतला होता, बरं का.

आज आपल्याला माहीत आहे की काचरूप सिलिका फार तापवली तर तिचे क्रिस्टोबलाइट नावाचे स्फटिक बनतात. ते धातू ओततानाच्या उष्णतेत गाभ्याला वाकू देत नाहीत. पण भाजून थंड होताना तेच आकसतात आणि गाभ्यात तडे पाडतात. शिवाय धातू गोठताना आकसतो. गाभा अजिबात दबला नाही, तर धातूच फाटू शकतो. आणि शेवटी तो गाभा कॉस्टिकच्या द्रावणात विरघळवून काढायचा असतो. अगदी घट्ट केला तर ते द्रावण आत शिरणार कुठून?

म्हणजे गाभ्याला तीन वेळा तीन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. मेण भरताना मोडायचं नाही, धातू ओतताना वाकायचं नाही आणि काम झालं की निघून जायचं. प्रयोगशाळेतला ताकदीचा एकच आकडा यातली एकच परीक्षा सांगतो. म्हणून ‘किती बळकट?’ या प्रश्नाबरोबर ‘कधी आणि कुठवर?’ हेही विचारलं पाहिजे. मातीत कापूस घालणाऱ्या ओताऱ्यालाही हाच हिशेब करावा लागत होता.