पेन्शन घेऊन राहायचे कुठे?

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मासात्लान नावाचे शहर आहे. अमेरिका-कॅनडातून निवृत्त झालेली बरीच मंडळी तिथे घर करून राहतात. पेन्शन डॉलरमध्ये येते. भाडे, बाजारहाट, मोलकरीण हे सगळे पेसोमध्ये भागते. हा हिशेब इतका सरळ आहे की म्हातारपणी माणूस स्वस्ताई बघून गाव निवडतो, असे आपण धरूनच चालतो. खानदेशचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. इंग्रजी अमलात धुळे-जळगावच्या परक्या पगारदारांपुढे हाच हिशेब, किंबहुना याहून फायद्याचा, कित्येक दशके मांडलेला होता. त्यांनी तो मोडीत काढला. उतारवयात परक्या मुलखात पाय रोवायला लागते ती सोबत: आपल्या बोलीत बोलणारे, आपल्या पद्धतीने जगणारे, आजारपणात उशाशी बसणारे लोक. पैशाचा विचार त्यानंतर येतो.

१८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पोलिटिकल एजंट झाला. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, मुलखाच्या मध्यावरचे म्हणून त्याने धुळे हे ठाणे निवडले. १८१९ मध्ये नव्या पेठेला जागा दिल्या त्या कायमच्या बिनभाड्याने. घर बांधायला उचल दिली, गावच्यांना आणि बाहेरच्यांनाही. बऱ्हाणपूर आणि इतर ठिकाणचे व्यापारी-कारागीर मुद्दाम बोलावून घेतले.  परक्यांनी इथे कायमचे राहावे यासाठी इतकी खटपट करणाऱ्या या माणसाने स्वतः १८३५ मध्ये हिंदुस्थान सोडला. पुढची ४० वर्षे त्याने इंग्लंडात काढली आणि १८७५ मध्ये ससेक्समधल्या बर्जेस हिल इथे तो वारला. या देशाबद्दल त्याला आस्था नव्हती म्हणावे, तर फरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणणारा तो हाच. जेम्स औट्रमची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १८२५ मध्ये त्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला तिचे ठाणे केले आणि तारुण्याची दहा वर्षे इथल्या रानात घालवली. प्रकृती ढासळल्यावर तो शेवटी दक्षिण फ्रान्समधल्या पो या गावी गेला आणि १८६३ मध्ये तिथेच वारला. म्हणजे मायदेशाबाहेर राहायला त्याची ना नव्हती. पण पो हे इंग्रजांनी भरलेले गाव होते. १८५६ मध्ये त्यांनी तिथे गोल्फ क्लबसुद्धा काढला होता.

कायद्याची आडकाठी होती, असे यावर कुणी म्हणेल. ती होती खरी. १८३३ च्या सनदेपर्यंत कंपनीच्या परवान्याशिवाय युरोपियनाला देशाच्या अंतर्भागात राहता येत नसे. पण ही आडकाठी गेल्यावरही खानदेशात इंग्रज पेन्शनरांची वस्ती झाली नाही. उलट मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरपर्यंत परकीयाच्या नावावर जमीन थेट होत नाही, बँकेच्या विश्वस्त खात्यामार्फत घर घ्यावे लागते, तरीही तिथे वस्ती वाढतेच आहे. पैशाचे बघू. सनदी नोकराला वर्षाला १००० पौंड पेन्शन मिळे, तीही हिंदुस्थानच्या महसुलातून. १८७० च्या सुमारास रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता, तेव्हा या १००० पौंडांचे सुमारे १०,००० रुपये होत. १८९४-९५ मध्ये रुपया एक शिलिंग एक पेनीवर घसरला, तेव्हा त्याच पेन्शनीचे १८,००० च्या वर रुपये होऊ लागले. खानदेशात राहणाऱ्याला काही न करता जवळजवळ दुप्पट. तरी ती रक्कम लंडनमध्येच खर्च होत राहिली आणि वाढलेला बोजा इथल्या शेतसाऱ्यावर पडला. हिंदुस्थानातून इंग्लंडकडे जाणाऱ्या ज्या संपत्तीच्या ओघाबद्दल दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर आकडे मांडले, त्यातली ही एक ठळक बाब.

उन्हाचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कुन्नूर-बंगळूरसारख्या थंड हवेच्या गावी राहिलेले साहेब हवेसाठी राहिले, हे खोटे नाही. पण तिथे हवा आणि गोतावळा दोन्ही होते, म्हणून नेमके कशासाठी राहिले ते तिथून ठरत नाही. ते भुसावळवरून ठरते. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आली आणि या लहानशा गावाचे मोठे जंक्शन झाले. इंजिनवाले, गार्ड, फोरमन म्हणून अँग्लो-इंडियन कुटुंबे आली आणि त्याच उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राहिली, कारण त्यांचे चर्च, त्यांची शाळा, नाचगाण्याची रेल्वे इन्स्टिट्यूट सगळे हाकेच्या अंतरावर होते. १९४७ नंतर त्यांतली बरीच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. ऊन तेच होते, गाव स्वस्तच होते. पांगला तो गोतावळा, आणि एक घर उठले की शेजारच्याला राहणे जड झाले.

गोतावळा म्हणजे केवळ जातभाई, असा अर्थ मात्र यातून काढू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मूळचे कोकणातल्या वरसईचे, आयुष्य गेले दप्तरांच्या शोधात गावोगाव फिरण्यात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी बिनसल्यावर उतारवयात ते धुळ्यात आले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. रक्ताचे कुणी तिथे नव्हते. पण शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये काढलेल्या सत्कार्योत्तेजक सभेने त्या गावात जुन्या पोथ्या जमवणाऱ्या, वाचणाऱ्या माणसांचा राबता तयार केला होता आणि भास्कर वामन भटांसारखे वकील अशिलांचे काम सांभाळून संशोधनात रमत होते. राजवाड्यांसारख्या तऱ्हेवाईक माणसाचा दाखला सर्वांना लागू होणार नाही, असे म्हणता येईल. मला तो नेमका त्यामुळेच महत्त्वाचा वाटतो. पैसा, आराम, मान यांतले काही न मागणारा हा माणूसही राहायला गेला तो जिथे त्याच्या विषयावर रात्रभर वाद घालायला कुणी होते तिथे; आणि त्याच लोकांनी पुढे राजवाडे संशोधन मंडळ काढून त्याची कागदपत्रे धुळ्यात जपली.