तारामती ते वागळे : दुर्गा खोटे या नावाचा इतिहास (थ्रेड)

१/ १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके या पुरुष नटाने ती भूमिका केली. एकोणीस वर्षांनी हीच कथा मराठीतील पहिला बोलपट ठरली. या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे.

२/ मधल्या काळात पडद्यावर स्त्रिया आल्या होत्या. १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले होते. तथापि ‘घरंदाज’ स्त्रीचे सिनेमात जाणे पांढरपेशा समाजाला मान्य नव्हते. तिच्याबरोबर माहेर आणि सासर अशा दोन्ही घराण्यांची अब्रू तोलली जाई.

३/ दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा. वडील पांडुरंग लाड मुंबईतील सॉलिसिटर. दुर्गाबाई इंग्रजी शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या. विवाह खोटे घराण्यात झाला. पुढे सासरच्या घरावर आर्थिक संकट कोसळले आणि कमाईचा प्रश्न उभा राहिला.

४/ १९३१ मध्ये मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटी भूमिका केली. जाहिरातींत लाड आणि खोटे या घराण्यांच्या नावांचा पुरेपूर वापर झाला. चित्रपट पडला आणि टीकेचा भडिमार मात्र दुर्गाबाईंवर झाला. नाव दुसऱ्यांनी विकले, किंमत त्यांनी मोजली.

५/ तरीही व्ही. शांताराम यांनी त्यांना कोल्हापूरच्या ‘प्रभात’मध्ये बोलावले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन अद्याप रूढ नव्हते. त्यामुळे नटांना गावेही लागे. चित्रपट गाजला आणि कालची निंदा कौतुकात बदलली.

६/ पती विश्वनाथ यांच्या अकाली निधनानंतर दोन मुलांचा भार दुर्गाबाईंवर आला. नट एकाच कंपनीचे पगारदार असण्याच्या त्या काळात त्यांनी अनेक संस्थांसाठी काम केले. कलकत्त्यात ‘सीता’ (१९३४) केला. ‘प्रभात’च्या ‘अमरज्योती’त (१९३६) त्या सूड घेणारी समुद्री लुटारू सौदामिनी झाल्या. त्याच दशकात त्यांनी चित्रपटनिर्मितीही केली. कंपनीच्या मर्जीवर न विसंबता स्वतःचे करार स्वतः करणारी स्त्री त्या काळी विरळाच होती.

७/ नायिकेचे वय सरल्यावरही त्या थांबल्या नाहीत. मराठी रंगभूमीवर ‘मॅकबेथ’च्या ‘राजमुकुट’ या रूपांतरात त्या राणी झाल्या, ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) जोधाबाई. ‘बिदाई’साठी (१९७४) त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

८/ मग दूरदर्शन आले. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर आधारलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका १९८८ मध्ये सुरू झाली. कुंदन शाह दिग्दर्शक, अंजन श्रीवास्तव वागळे. निर्मितीसंस्थेचे नाव होते ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’.

९/ १९३१ मध्ये ज्या नावाची जाहिरात इतरांनी केली, ते सत्तावन्न वर्षांनी संस्थेचे नाव म्हणून घरोघरी दिसले. आत्मचरित्रालाही त्यांनी ‘मी, दुर्गा खोटे’ असेच नाव दिले. तारामतीसाठी स्त्री न मिळालेल्या फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९८३ मध्ये त्यांना लाभला. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या समाजाने त्या नावाला डाग लागल्याचे म्हटले, त्याच समाजाने पुढे ते आदराने उच्चारले. या बदलामागे साठ वर्षांचे काम होते.