शेत, यंत्र आणि विक्रेता



मीरा-भाईंदर हें आज लाखों नोकरदारांचें नगर आहे. मिठागरांच्या व भातखाचरांच्या या भूमीवर १९८५ सालीं नगरपालिका आली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. तथापि येथील कित्येक कुटुंबांचा गांवाकडील जमिनीशीं संबंध अद्यापि तुटलेला नाहीं. एक भाऊ शेत पाहतो, दुसरा शहरांतून पैसे धाडतो, आणि एखाद्या दिवाळीस गांवाहून विचारणा येते कीं, "दादा, बैलजोडी आतां परवडत नाहीं. लहान ट्रॅक्टर घ्यावा म्हणतों. कोणत्या कंपनीचा घेऊं?" प्रश्न साधा दिसतो, पण या खरेदीच्या कर्जापोटीं बहुधा जमीनच तारण पडते. निवड चुकली तर यंत्र दाराशीं गंजतें आणि हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून या प्रश्नाचें उत्तर जाहिरातींत शोधण्यापूर्वीं थोडें इतिहासांत शोधावें, असें मला वाटतें. आपल्या शेतकऱ्यानें आजवर यंत्र कसें पारखलें, हें आज आपण पाहूं.

लोखंडी नांगर येण्यापूर्वीं नांगराला मार्का नव्हता. गांवचा सुतार तो घडवी, लोहार त्याला फाळ बसवी, आणि दोघांनाही त्याचा मोबदला खळ्यावर बलुत्याच्या रूपानें मिळे. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर विक्रेता, कारागीर आणि सुटे भाग हीं तिन्ही एकाच गांवांत नांदत होतीं. पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तर तो दुरुस्त करून देणें हें सुतार-लोहाराचें कर्तव्यच असे. त्या व्यवस्थेंत अन्याय पुष्कळ होता, हें कबूल केलें पाहिजे. परंतु शेतकऱ्याच्या मनांतील यंत्राची कसोटी तिनेंच घडविली. यंत्र किती उत्तम आहे, हा त्याचा दुसरा प्रश्न असे. मोडल्यावर तें कोण नीट करून देईल, हा पहिला.

ही कसोटी प्रथम विलायती नांगराला लागली. इंग्लंडांतील इप्सविच येथील रॅन्सम कंपनीचे लोखंडी नांगर हिंदुस्थानांत येत असत. ते जमीन खोलवर उलथीत. पण झिजलेला फाळ बदलावयाचा झाल्यास नवा भाग समुद्रापलीकडून यावयाचा. हें अंतर तोडण्याचें काम एका मराठी गृहस्थानें केलें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. त्यांनीं व त्यांच्या बंधूंनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. त्या काळीं सायकल विकणें म्हणजे गिऱ्हाइकाला तिच्यावर बसावयास शिकविणें आणि ती बिघडल्यास दुरुस्त करून देणें हेंही होतें. म्हणजे किर्लोस्कर बंधू हे कारखानदार होण्यापूर्वीं विक्रेते होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. तो पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत होती.

या समजुतीला आपण सहज हसतों. परंतु त्या शेतकऱ्याच्या बाजूनें विचार करून पाहा. वर्षाचें एकच पीक, घरांत खाणारीं दहा तोंडें, आणि शेजारच्या शेतांत या नव्या नांगराचा अनुभव कोणालाच नाहीं. अशा स्थितींत नकार देणें हें केवळ अज्ञान नव्हतें. धोका आपल्या एकट्याच्या शिरावर न घेण्याची ती सावधगिरीही होती. एका शेतांत नांगर चाललेला दिसल्यावर दुसऱ्याचा विश्वास बसूं लागला.

बेळगांवची जागा सोडणें भाग पडलें तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचें कर्ज दिलें, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोंचविणें हा तिचा आरंभींचा हेतु होता. १९२९ पासून 'किर्लोस्कर' या नांवानें तें मासिक सुशिक्षित घराघरांतून वाचलें जाऊं लागलें. मराठी मध्यमवर्गाचें एक लाडकें मासिक अशा रीतीनें नांगराच्या व्यापारांतून जन्मलें. कारखानदारानें गिऱ्हाइकाशीं बोलत राहिलें पाहिजे, हें त्यामागचें शहाणपण होतें.

आतां नांगरावरून ट्रॅक्टरकडे वळूं. त्यासाठीं आपणांस दूर जावयास नको. मीरा रोडहून चर्चगेटकडे जातांना दहिसर व बोरिवली ओलांडल्यावर कांदिवली लागते. येथील महिंद्र कंपनीनें अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्यासह १९६३ सालीं इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापिली, आणि बी-२७५ हा सुमारें ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर कांदिवलींत तयार होऊं लागला. १९७७ सालीं ती कंपनी महिंद्रमध्यें विलीन झाली. पुढें १९८४-८५ च्या सुमारास खुद्द इंटरनॅशनल हार्वेस्टरनें आपला शेतीयंत्रांचा व्यवसाय विकून टाकला. तरी येथील शेतकऱ्याचें कांहीं अडलें नाहीं, कारण त्याच्या यंत्राचा कारखाना व सुटे भाग आतां याच देशांत होते.

याच्या उलट उदाहरणही आहे. पिंजोर येथें ट्रॅक्टर करणारी सरकारी एच. एम. टी. एके काळीं मोठ्या नांवलौकिकाची होती. तिचा तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. पंजाबांतील स्वराज कंपनी २००७ सालीं महिंद्रकडे आली, आणि एस्कॉर्ट्सवर २०२२ सालीं जपानच्या कुबोटा कंपनीचा ताबा आला. म्हणून केवळ नांवाच्या वजनावर पंधरा-वीस वर्षांचा व्यवहार करूं नये. नांवें हात बदलतात. शेत आणि त्यावरील बोजा मात्र आपल्याच घरीं राहतो.

दरम्यान शेतच लहान होत गेलें. महाराष्ट्रांत १९७०-७१ सालीं सरासरी खातें ४.२८ हेक्टरांचें होतें. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत तें १.३४ हेक्टरांवर आलें. दहा एकरांच्या जागीं सवातीन एकर राहिले. मोठा ट्रॅक्टर अशा तुकड्यांत वळतां वळतांच दमतो. नाशिककडील द्राक्षबागांतून तर वेलींच्या दोन ओळींमधील आठ-दहा फुटांच्या पट्ट्यांतून, ओलांड्यांना व घडांना धक्का न लावतां, फवारणीचें यंत्र ओढीत जावयाचें असतें. तेथें बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीचा, मित्सुबिशीच्या सहकार्यांतून आलेला १८.५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उपयोगीं पडला. भातशेतीचे लहान तुकडे असलेल्या जपानांत अशा यंत्रांची कला पूर्वींच वाढली होती. महिंद्रनेंही युवराज हा १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला, आणि २०२३ सालीं जपानी सहकाऱ्यांसमवेत घडविलेली 'ओजा' ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका आणली. शेतकरी यंत्राएवढा होत नाहीं असें दिसल्यावर कारखानदारांना यंत्र शेताएवढें करावें लागलें.

तेव्हां गांवाकडील भावाला काय कळवावें? प्रथम त्यानें आपल्या शेताचें माप घ्यावें: ओळींतील अंतर, बांधाशीं वळावयास मिळणारी जागा, आणि जें अवजार चालवावयाचें त्याला लागणारी शक्ति. कागदावर लिहिलेली अश्वशक्ति बहुधा इंजिनाची असते. अवजार फिरविणाऱ्या दांड्याला मिळते ती त्याहून कमी. मध्य प्रदेशांत बुदनी येथें केंद्र सरकारची कृषियंत्र-परीक्षण संस्था आहे. तिच्या अहवालांत हे दोन्ही आंकडे असतात. विक्रेत्याकडून तो अहवाल मागून घ्यावा.

त्यानंतर विक्रेत्याची पारख करावी, आणि ती ऐन हंगामांत करावी. दुकानासमोर उभ्या केलेल्या नव्या ट्रॅक्टरापेक्षां मागच्या पडवींत दुरुस्तीस आलेले जुने ट्रॅक्टर किती दिवसांचे पडले आहेत, हें पाहावें. तेलाची गाळणी, क्लचची तबकडी असे झिजणारे भाग फळीवर आहेत कीं मागवावे लागतात, हें विचारावें. त्याच मार्क्याचा ट्रॅक्टर पांच वर्षें वापरणारा एखादा शेतकरी त्या पंचक्रोशींत गांठून त्याच्याशीं बोलावें. शक्य असल्यास एक दिवस भाड्यानें तसलाच ट्रॅक्टर आपल्या शेतांत चालवून घ्यावा. वर्षांतून मोजकेच दिवस काम असेल, तर चार भाऊबंदांनीं मिळून एक घ्यावा किंवा भाड्याच्या ट्रॅक्टरावरच भागवावें, हाही निर्णय शहाणपणाचाच होय.

शहरांतून पैसे धाडणाऱ्या भावानें एवढें अवश्य करावें: हप्त्याची रक्कम ठरविण्यापूर्वीं एकदां स्वतः गांवीं जाऊन, त्या विक्रेत्याच्या कारखान्यांत अर्धा दिवस बसून यावें.