पाच युआनच्या नोटेवरची खाण

१९६० साल छापलेल्या चीनच्या ५ युआनच्या नोटेच्या मागे कोळशाची खुली खाण दिसते. ती ल्याओनिंग प्रांतातल्या फूशिन शहराची हायचौ खाण. १९५३मध्ये सुरू झाली, २००५मध्ये बंद पडली. मागे उरला जवळपास ४ किलोमीटर लांबीचा खड्डा.

कोळसा गेला की शहराचं किती जातं, हे मोजायचं कसं? उत्पन्नातला कोळशाचा वाटा काढणं सोपं. पण त्या काळातली चिनी सरकारी खाण नुसता पगार देत नसे. घर, दवाखाना, मुलांची शाळा, सारं तिच्याच पदरचं. (आपल्याकडच्या गिरणीलाही एवढं जमलं नव्हतं.) नोकरी सुटली की हे सगळंच डळमळायचं, आणि ते वाट्याच्या आकड्यात उतरत नाही.

२०१३मध्ये चीन सरकारने खनिजं-जंगलं अशा संसाधनांवर जगणारी २६२ शहरं मोजून चार गटांत टाकली: वाढती ३१, प्रौढ १४१, उतरती ६७, सावरती २३. चाळिशीतल्या खाणकामगाराला दुसरं कुठलं काम येतं, हे अशा गटांच्या नावांतून कळणार कसं?

फूशिनवर तर ‘संसाधनं संपलेलं शहर’ हा शिक्का देशात सर्वांत आधी, २००१मध्येच बसला होता. हायचौ बंद व्हायला तेव्हा ४ वर्षं उरली होती.