स्वेन क्रामर : नऊ जगज्जेतेपदे आणि एक चुकलेली मार्गिका

हिवाळ्यात कालवे गोठले की नेदरलँड्समध्ये लहानथोर सारेच पायांत स्केट्स बांधून बर्फावर उतरतात. या देशाच्या उत्तरेकडील फ्रिसलँड प्रांतातून ११ शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची शर्यत १९९७ मध्ये शेवटची झाली. पण तिची आठवण तेथे आजही जपली जाते. याच प्रांतातील हेरेनवेन येथे २३ एप्रिल १९८६ रोजी स्वेन क्रामरचा जन्म झाला. वडील येप क्रामर हे स्वतः ऑलिम्पिकमध्ये उतरलेले स्केटर. हेरेनवेनच्या प्रसिद्ध थियाल्फ क्रीडागारावर छप्पर चढले तेही १९८६ मध्येच.

२००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये १९ वर्षांच्या क्रामरने ५ हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. सांघिक शर्यतीच्या उपांत्य फेरीत मात्र तो घसरून पडला आणि संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढील वर्षापासून त्याचे युग सुरू झाले. २००७ मध्ये त्याने ५ हजार मीटरमध्ये ६ मिनिटे ३.३२ सेकंद आणि १० हजार मीटरमध्ये १२ मिनिटे ४१.६९ सेकंद असे विश्वविक्रम नोंदविले. १० हजार मीटरचा विक्रम २०१५ पर्यंत आणि ५ हजार मीटरचा २०१७ पर्यंत अबाधित राहिला.

५००, १५००, ५ हजार आणि १० हजार मीटर अशा चार शर्यतींतील वेळांचे गुण एकत्र करून 'ऑलराउंड' विजेता ठरतो. वेग आणि दमसास या दोहोंची कसोटी पाहणारे हे जागतिक विजेतेपद क्रामरने २००७ ते २०१७ या काळात नऊ वेळा पटकावले.

तरीही त्याचे नाव निघाले की अनेकांना आधी आठवते ती २३ फेब्रुवारी २०१० ची व्हँकुव्हरमधील शर्यत. ४०० मीटरच्या धावपट्टीवर आतील मार्गिका बाहेरीलपेक्षा कमी लांबीची असते. दोघांनाही समान अंतर कापावे लागावे म्हणून प्रत्येक फेरीत स्पर्धकांनी मार्गिका बदलायची, असा नियम आहे. १० हजार मीटरच्या २५ फेऱ्यांपैकी आठ शिल्लक असताना क्रामर बाहेरील मार्गिकेकडे योग्य रीतीने निघाला होता. तेवढ्यात प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी त्याला आतील मार्गिकेकडे जाण्याची खूण केली. क्रामरने ऐन क्षणी दिशा बदलली. पुढच्या फेऱ्या त्याने सुवर्णपदकाच्याच वेगाने पूर्ण केल्या. त्याची वेळ होती १२ मिनिटे ५४.५० सेकंद, कोरियाच्या ली सुंग-हूनपेक्षा चार सेकंदांनी सरस. पण क्रामर बाद ठरला होता. सुवर्णपदक लीच्या गळ्यात पडले.

केमकर्स हे स्वतः १९८८ च्या ऑलिम्पिकमधील कांस्यपदक विजेते. त्यांनी चूक तत्काळ मान्य केली. संतापाच्या भरात चष्मा भिरकावून देणाऱ्या क्रामरने त्यानंतरही या प्रशिक्षकाची साथ सोडली नाही, हे विशेष. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकपर्यंत दोघे एकत्रच होते.

मांडीच्या दुखापतीमुळे २०१०-११ चा संपूर्ण हंगाम गमावूनही तो परतला. ५ हजार मीटरमध्ये २०१०, २०१४ आणि २०१८ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके त्याने जिंकली आणि तिन्ही वेळा नवा ऑलिम्पिक विक्रम केला. एकाच स्पर्धा प्रकारात ओळीने तीन सुवर्णपदके मिळविणारा तो पहिला पुरुष स्पीड स्केटर ठरला. सोचीतील सांघिक सुवर्ण धरून त्याच्या नावावर चार सुवर्ण, दोन रौप्य आणि तीन कांस्य अशी नऊ ऑलिम्पिक पदके आहेत.

१० हजार मीटरचे सुवर्ण मात्र त्याला कायम हुलकावणी देत राहिले. सोचीत सहकारी योरिट बर्ग्समाने त्याला मागे टाकले, तर २०१८ मध्ये प्याँगचांगला तो सहावा आला. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५ हजार मीटरमध्ये नववे स्थान मिळाल्यावर त्याच वर्षी त्याने निवृत्ती स्वीकारली. ज्या अंतराचा विश्वविक्रम आठ वर्षे त्याच्याच नावावर होता, त्याच अंतराचे ऑलिम्पिक सुवर्ण त्याच्या संग्रहात नाही.